मधल्या खोलीतली पुस्तकं

आमच्या चर्चच्या सुवर्णमहोत्सवाला स्मरणिका निघाली, तेव्हा जुन्या सभासदांवरचा लेख माझ्याकडे आला. जे हयात नाहीत त्यांच्याबद्दल चार चांगले शब्द, एवढंच अपेक्षित होतं. मी ऑर्गन वाजवणाऱ्या बाईंवर लिहिलं, घंटा वाजवणाऱ्या शिपायावर लिहिलं, नाताळात मुलांना फुकट केक वाटणाऱ्या बेकरीवाल्यावरही लिहिलं. मास्तरांवर लिहिलं नाही. अंक हातात पडल्यावर एका बाईंनी विचारलं, "अहो, मास्तर कसे राहिले?" मी म्हणालो, जागा कमी पडली. जागा चांगली अर्धं पान उरली होती. तिथे आम्ही द्राक्षवेलीचं चित्र टाकलं होतं.

मास्तरांची गोष्ट मी अशीच टाळत आलो आहे. मुलीला सांगितली नाही, पाळकसाहेब बदलून नवे आले त्यांना सांगितली नाही. चर्चमध्ये मास्तरांना वाचायला बंदी झाली, ती माझ्यामुळे झाली, आणि हे फक्त दोघांना माहीत होतं. त्यातले एक गेले. आता मी सांगितलं नाही तर ती गोष्ट घडलीच नव्हती असं होईल.

मास्तर शाळामास्तर नव्हते. वागळे इस्टेटमध्ये व्हॉल्व्ह बनवणाऱ्या एका कारखान्यात ते तपासणी विभागात होते. मी तिथेच स्टोअरमध्ये. रविवारी ते चर्चमध्ये तरुणांचा बायबल वर्ग घ्यायचे म्हणून आम्ही त्यांना मास्तर म्हणायचो. कारखान्यात त्यांचं नाव 'बिशप' होतं. "बिशप, आज काय बाद केलंत, लोखंड का शास्त्र?" असं पोरं जेवणाच्या सुट्टीत हटकायची. ते शांतपणे म्हणायचे, "लोखंड. शास्त्र माझ्या आधीच तपासून झालंय."

उंच, बारीक, मान किंचित पुढे आलेली. लग्न केलं नव्हतं. बाळकुमला एका आगरी कुटुंबाच्या घराला लागून असलेल्या खोलीत भाड्याने राहायचे आणि कारखान्यात सायकलने यायचे. शनिवारी संध्याकाळपासून त्यांचं मौन असे. रविवारी वाचायचं असायचं, म्हणून आवाज राखून ठेवायचा. दुकानदाराकडे बोटांनी साबण मागायचे, आणि नवखा माणूस त्यांना मुका समजून मोठमोठ्याने बोलायला लागायचा. शनिवारी तिखट नाही, दही नाही. आम्ही हसायचो. पण रविवारी ते उभे राहिले की हसू थांबायचं.

आमच्या चर्चमध्ये उपासनेच्या वेळी शास्त्रवाचन, म्हणजे बायबलमधला उतारा वाचणं, पाळक करत नाहीत, मंडळीतला एकजण करतो. आळीपाळीने नावं लागतात. मात्र उत्तम शुक्रवार, ईस्टर आणि मयत, या तीन वेळी मास्तरच, हे ठरून गेलेलं होतं. त्यांचा आवाज मोठा नव्हता. पण वाक्य जिथे संपतं तिथेच ते थांबायचे, आणि ते थांबले की मागच्या बाकावरची मुलंसुद्धा मान वर करायची. त्यांना दुसरं काही नव्हतं. नात्यागोत्याचं कोणी जवळ नाही, मित्र म्हणावा असा बहुधा मीच. ते वाचन हेच त्यांचं घरदार होतं असं मला आता वाटतं.

त्यांच्या तपासणीच्या टेबलावर तीन ट्रे असायचे. पास, दुरुस्ती आणि रिजेक्ट. बायबल वर्गातही तेच तीन ट्रे. पहिल्या शतकांत ख्रिस्ती लोकांकडे पुष्कळ पुस्तकं होती, शुभवर्तमानं, पत्रं, दृष्टान्त. त्यातली काही सगळ्यांनी मान्य केलेली, काहींवर वाद, काही सरळ बाद. जुन्या काळच्या एका बिशपने अशीच तीन गटांत वाटणी लिहून ठेवली आहे, असं ते सांगायचे. कोणी म्हणालं की सगळे बिशप एका सभेत जमले आणि मतदान करून बायबल ठरवलं, की मास्तरांचा पारा चढायचा. "मतदान करायला ती काय सोसायटी आहे? अरे, शेकडो वर्षं गावोगावच्या मंडळ्या वाचत होत्या. जे सगळीकडे वाचलं गेलं ते राहिलं. याद्या नंतर झाल्या."

आणि मग ते बाद झालेल्यांची कैफियत मांडायचे. 'मेंढपाळ' नावाचं एक पुस्तक होतं. लोकांचं फार आवडतं. त्याला शेरा मिळाला की हे परवा परवाचं आहे, येशूच्या प्रेषितांच्या काळातलं नाही, म्हणून घरी वाचा, पण मंडळीपुढे वाचू नका. हे सांगताना मास्तर दरवेळी थोडे थांबायचे. दुसरा एक बिशप होता. त्याच्या भागातल्या लोकांनी पेत्राच्या नावाचं एक शुभवर्तमान वाचायची परवानगी मागितली, त्याने न वाचताच दिली, मग पुस्तक हातात आलं तेव्हा वाचून ती काढून घेतली. "आधी सही, मग तपासणी," मास्तर म्हणायचे, आणि वर्गातल्या कारखान्यातल्या पोरांना आपल्या मॅनेजरची आठवण होऊन ती फिदीफिदी हसायची. एस्तेरच्या मूळ पुस्तकात देवाचं नाव एकदाही येत नाही, तरी ते पास. नव्या करारात यहूदा आपल्या पत्रात जुन्या काळच्या हनोखाचं वचन उतरवतो, ते पत्र पास, पण हनोखाच्या नावाचं पुस्तक इथिओपियाच्या चर्चशिवाय जवळपास सगळ्यांनी बाहेर ठेवलं. "साक्षीदार खरा, आणि त्याने ज्याचं नाव घेतलं तो खोटा?" यावर ते स्वतःच डोकं खाजवायचे. त्यांना उत्तर नको असायचं.

सगळ्यात जास्त जीव त्यांचा त्या सात-आठ पुस्तकांवर होता, जी कॅथलिकांच्या बायबलात आहेत आणि आमच्या प्रॉटेस्टंट बायबलात नाहीत. त्यांच्याकडे एक जुनं इंग्रजी बायबल होतं. त्यात ही पुस्तकं जुना करार आणि नवा करार यांच्या मधे वेगळी छापलेली होती. मास्तर त्यांना मधल्या खोलीतली पुस्तकं म्हणायचे. "ओटीवर आलेल्या पाहुण्यांना दाखवत नाहीत, परसात हाकलूनही देत नाहीत. जेवायला वाढतात, पण आत. घरात एखादी म्हातारी आत्या असते ना, तसं." असं म्हणून ते एकटेच हसायचे.

माझी बायको ठाण्याचीच, ईस्ट इंडियन म्हणजे इथल्याच जुन्या मराठी ख्रिस्ती समाजातली, जन्माने कॅथलिक. लग्न करून ती आमच्या चर्चमध्ये आली म्हणून माहेरच्यांनी बरीच वर्षं आमच्या घराची पायरी चढली नाही. आमच्याकडेही सगळं गोड नव्हतं. चर्चचा कारभार पाहणाऱ्या पंचांपैकी सगळ्यात ज्येष्ठ, रेल्वेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ होते. ते मला प्रत्येक नाताळात विचारायचे, "काय, सूनबाई आमच्या झाल्या का पूर्ण, का अजून माळ ओढतात?" मी ठासून सांगायचो, पूर्ण झाली. बारा वर्षं मी हेच सांगत होतो.

शहाऐंशी-सत्त्याऐंशीच्या सुमारास ती आजारी पडली आणि त्यातून उठली नाही. शेवटच्या आठवड्यात एक दुपारी ती म्हणाली, "माझे बाबा गेले तेव्हा मिसाला वाचलेलं ते माझ्या वेळी वाचाल?" मला कळेना. तिने सांगितलं ते एवढंच, की चांगल्या माणसांचे जीव देवाच्या हातात असतात, लोकांना वाटतं ते मेले, पण ते शांत आहेत, असं काहीतरी आहे त्यात. "आपल्या बायबलात नाही ते. मी शोधलं," ती म्हणाली. तिने शोधलं होतं, हे मला त्या दिवशी कळलं.

ती गेली त्या सकाळी मास्तर खोपटला आमच्याकडे आले. मी त्यांना बाजूला घेऊन एसटी डेपोसमोरच्या टपरीवर नेलं. तिने काय मागितलं ते सांगितलं. ते लगेच म्हणाले, "शलमोनाच्या नावावर असलेलं ज्ञानाचं पुस्तक. तिसरा अध्याय." मग चहा तसाच ठेवून त्यांनी विचारलं, "पाळकसाहेबांशी बोललास?"

"नंतर बोलतो."

"विचारतील, बाबा. त्यांचा हक्क आहे विचारायचा."

"मी सांगेन ना. तुम्ही फक्त वाचा."

त्यांनी वाचलं. हातात ते इंग्रजी बायबल होतं आणि तोंडातून मराठी येत होतं, न अडखळता, जणू ते मराठीतच लिहिलेलं असावं. आमच्या मंडळीला काही वेगळं जाणवलं नाही. शलमोनासारखंच वाटत होतं, स्तोत्रांसारखंच वाटत होतं. पण माझ्या बायकोचं माहेर मागच्या बाकांवर बसलं होतं, आमच्या चर्चमध्ये पहिल्यांदाच आलेलं. मास्तर "इथे वाचन संपलं" म्हणाले, आणि मागून दहा-पंधरा माणसं एका आवाजात म्हणाली, "देवाला धन्यवाद."

कॅथलिकांकडे वाचन झालं की मंडळी असं उत्तर देते. ती त्यांची सवय. आमच्याकडे कोणी असं म्हणत नाही. सगळ्या माना मागे वळल्या. सासूबाईंना त्याचं भान नव्हतं. पुस्तक ओळखीचं निघालं म्हणून त्या रडत होत्या आणि हसतही होत्या. बाहेर आल्यावर त्यांनी माझा हात धरला आणि कितीतरी वेळ सोडला नाही. त्याच वेळी ते रेल्वेवाले पंच माझ्या मेव्हण्याला विचारत होते की हा कुठला पाठ. मेव्हण्याने सरळ मनाने सांगून टाकलं.

पुढच्या रविवारी उपासनेनंतर पंचांची बैठक बसली. मी त्याच वर्षी चिटणीस झालो होतो, म्हणून मीही तिथेच. मास्तरांना समोर खुर्ची दिली होती.

रेल्वेवाले म्हणाले, "मास्तर, आज हे पुस्तक. उद्या मेणबत्त्या लावाल."

"मेणबत्त्या लाईट गेली की आपण लावतोच," मास्तर म्हणाले. कोणी हसलं नाही.

पाळकसाहेब मवाळ माणूस. त्यांनी विचारलं, हे वाचायला तुम्हाला कोणी सांगितलं होतं का? मास्तर गप्प राहिले. त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही, मला ती जागा मोकळी ठेवली. मग पाळकसाहेब माझ्याकडे वळले. "तुमच्या घरचं कार्य होतं. तुम्ही सांगितलं होतं?"

मी किती कारणं देऊ? मी हो म्हणालो असतो तर ती शेवटपर्यंत त्यांचीच राहिली असं सगळे म्हणाले असते. मुलीचं दृढीकरण, मंडळीत पूर्ण सभासद म्हणून घेण्याचा विधी, पुढच्या वर्षी होतं. चिटणीसपद नवं होतं. यातलं काहीच खोटं नाही, आणि यातलं काहीच कारणही नाही. मला त्या खोलीतल्या सहा-सात चेहऱ्यांची भीती वाटली, एवढंच.

"मला काही माहीत नव्हतं," मी म्हणालो. "मी शुद्धीवर कुठे होतो त्या दिवशी."

तेव्हा मास्तरांनी माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. एखादा नग हातात आल्यावर ते पाहायचे तसं, नीट, थोडा वेळ. मग ते पाळकसाहेबांना म्हणाले, "माझीच चूक. मी न विचारता वाचलं."

ठरलं ते असं, की त्यांनी यावं, बसावं, भाकर-द्राक्षारसाच्या सहभागितेत भाग घ्यावा. मंडळीपुढे वाचन करू नये आणि वर्गही घेऊ नये. मास्तर उठले. दाराशी थांबून म्हणाले, "रिजेक्ट करायचा तुमचा अधिकार आहे. पण आमच्याकडे रिजेक्ट केलेल्या मालावर कारणाची चिठ्ठी बांधतात. माझी चिठ्ठी?"

"ते पुस्तक आपल्या बायबलात नाही," रेल्वेवाले म्हणाले.

"तो निर्णय झाला. मी कारण विचारलं."

 ते थोडं थांबले आणि गेले.

त्यानंतरही ते दर रविवारी येत राहिले. हे मला जास्त जड गेलं. न येते तर बरं झालं असतं. खांबाशेजारच्या बाकावर बसायचे, आणि त्या बाकावर हळूहळू दुसरं कोणी बसेनासं झालं. वाचकांची नावं लावणं चिटणीस म्हणून माझं काम. कोणी नवखा मुलगा जुन्या करारातल्या नावांवर ठेचकाळला की मास्तरांचे ओठ हलायचे. मी माझी जागा बदलून पुढे गेलो, म्हणजे तो बाक दिसू नये. कारखान्यात मी उशिरा जेवायला जाऊ लागलो. त्यांनी दोन-तीनदा माझ्यासाठी डबा न उघडता वाट पाहिली, असं कोणीतरी सांगितलं. मग त्यांनीही वाट पाहायचं सोडलं. घरी मी एकटा, मुलगी आजोळी राहायला लागलेली. बाळकुमला तेही एकटे. सायकलने दहा-पंधरा मिनिटांचं अंतर, आणि मी काही वर्षं ते कापलं नाही.

नव्वदनंतर आमचा कारखाना बंद पडला. त्या निमित्ताने एका रविवारी दुपारी मी बाळकुमला गेलो. सगळं सांगून टाकायचं, असं ठरवूनच गेलो होतो. लांबूनच त्यांचा आवाज आला. मला वाटलं, कोणी मंडळी जमली असेल. पाहतो तर ओट्यावर मास्तर मांडीवर ते इंग्रजी बायबल घेऊन मराठीत वाचत होते, आणि समोर त्यांची घरमालकीण, साठीची आगरी बाई, सुकट निवडत बसली होती. आणखी कोणी नाही.

"बसा," ती मला म्हणाली. "मास्तर तोबीताचा वाचतान. त्यान कुत्रा बी हाय. पोराच्या संगती परगावाला जातंय." तिला त्या कुत्र्याचं फार कौतुक होतं. देवाच्या पुस्तकात कुत्रा असतो, हे तिला माहीत नव्हतं.

मास्तरांनी मला समजावलं की पुस्तक एकट्याने वाचलं तर ते मोजत नाहीत. ऐकणारा एक तरी लागतो. मागच्या सगळ्या मंडळ्यांचा नियम तोच होता. म्हणून दर रविवारी दुपारी ते मधल्या खोलीतलं एक पुस्तक घेऊन बसायचे, आणि बाई काम घेऊन बसायची. "पाठ संपला की ही विचारते, पुढच्या रविवारी काय. चर्चमध्ये मला कोणी विचारलं नाही कधी," ते म्हणाले.

बाईने सुकट निवडता निवडता विचारलं, "तुमच्या देवलान का नाय वाचीत यांना? आवाज तं चांगला हाय."

मी मास्तरांकडे पाहिलं. ते पान उलटत म्हणाले, "तिथे वाचायला माणसं पुष्कळ आहेत, बाई." आणि पुढे वाचायला लागले. मी कुत्रा घरी परत येईपर्यंत ऐकलं आणि उठलो. बाईसमोर कसं बोलणार, असं मी वाटेत स्वतःला सांगितलं.

पुढे त्या कुटुंबाने जमीन बिल्डरला दिली. ओटा गेला, खोली गेली. मास्तर कल्याणला पुतणीकडे राहायला गेले. त्यांना दम्याने घेरलं आहे आणि आता फार दिवस नाहीत, असं कळलं तेव्हा मी खोपटहून कल्याणची एसटी पकडली. या वेळी तोंडात वाक्य तयार होतं.

ते पलंगावर उशांना टेकून बसले होते. आवाज गेला नव्हता, पण श्वास पुरत नसल्याने वाक्याच्या मधेच थांबावं लागायचं, आणि त्याचं त्यांना वाईट वाटत होतं. पुतणी चहा ठेवायला आत गेली. मी खुर्ची जवळ ओढली आणि म्हणालो, "मास्तर, त्या बैठकीबद्दल बोलायचं होतं."

त्यांनी हात वर केला. "मला माहीत आहे. तू मनाला लावून घेतलंस, म्हणून माझ्यापासून दूर राहिलास. नको लावून घेऊ." थांबले, श्वास घेतला. "तू त्या दिवशी शुद्धीवर नव्हतास. मला आधी कळलं नाही. तू म्हणालास तेव्हा कळलं. टपरीवर मला सांगितलंस ते तुला आठवतच नव्हतं. दुःखात होतं माणसाचं असं. ज्याला आठवत नाही, त्याच्यावर कशाला ढकलायचं? म्हणून मी माझ्यावर घेतलं."

इतकी वर्षं ते हे धरून बसले होते. खांबाशेजारच्या त्या बाकावर एकटे बसताना त्यांच्याजवळ हेच होतं, की आपला मित्र खोटं बोलला नाही. मी ते काढून घ्यायला आलो होतो. की हीसुद्धा मी नंतर शोधलेली सबब आहे? त्या क्षणी मला फक्त सुटल्यासारखं वाटलं, हे खरं.

"हो," मी म्हणालो. "त्या दिवसांतलं मला फारसं आठवत नाही."

त्यांनी समाधानाने मान हलवली. पुतणी चहा घेऊन आली. आम्ही तोबीताच्या कुत्र्याबद्दल बोललो, त्या आगरी बाईबद्दल बोललो. निघताना त्यांनी माझ्या हातावर थोपटलं.

ते उन्हाळ्याआधी गेले. मला दफन झाल्यावर कळलं. तिथे काय वाचलं, कोणी वाचलं, मी विचारलं नाही.

मास्तर, मला आठवत होतं. तिने काय मागितलं ते, टपरीवरचा तुमचा थंड झालेला चहा, तुम्ही विचारतील म्हणालात ते, आणि मी सांगेन म्हणालो तेही. पाळकसाहेब माझ्याकडे वळले, त्या क्षणी त्यातला शब्द न् शब्द मला आठवत होता.